चार शिक्क्यांचे सोलापूर

सोलापुरात एकाच कॉलेजात तीन-चार पिढ्या शिकलेली घरे शोधायला फार लांब जावे लागत नाही. अशा एखाद्या घरातली पदवीपत्रे ओळीने मांडून पाहावीत. पणजोबा १९४६ साली दयानंद कॉलेजातून बी. ए. झाले असतील, तर त्यांच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचा शिक्का असेल. आजोबा १९५८ चे असतील, तर पुणे विद्यापीठाचा. आई १९८५ ची असेल, तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा. आणि नात गेल्या दहा-पंधरा वर्षांतली असेल, तर सोलापूर विद्यापीठाचा. कॉलेज तेच राहिले, परीक्षेची धास्तीही तीच राहिली, शिक्का मात्र तीनदा बदलला.

म्हणूनच सोलापूर विद्यापीठाचे वय विचारले, की मी जरा अडखळतो. कागदोपत्री उत्तर सोपे आहे: १ ऑगस्ट २००४. एवढ्या वयाच्या विद्यापीठाला कुणी ऐतिहासिक म्हणणार नाही. पण विद्यापीठ म्हणजे विद्यार्थ्यांचा आणि शिक्षकांचा एक समाज, असे मानले तर सोलापुरात तो समाज कायद्याच्या कितीतरी आधी जन्माला आला. इथे आधी वसतिगृह आले, मग कॉलेज, मग कॉलेजे, आणि सगळ्यांच्या शेवटी विद्यापीठ. हा उलटा क्रम ध्यानात घेतला नाही, तर केगावला विद्यापीठाच्या माळावर आज जे दिसते त्याचा नीट अर्थ लागत नाही.

मुळात आपल्याकडचे विद्यापीठच निराळ्या घडणीचे. विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ऑक्सफर्ड-केंब्रिज येते, नाहीतर नालंदा. म्हणजे गुरू-शिष्य एकाच आवारात राहतात, एकत्र जेवतात, भांडतात, शिकतात. इंग्रजांनी १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठे काढली, तेव्हा त्यांनी हा नमुना घेतला नाही. घेतला तो १८३६ साली सनद मिळालेल्या लंडन विद्यापीठाचा. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. शिकवायचे काम ज्या त्या कॉलेजाचे. १८ जुलै १८५७ ला मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला, तेव्हा त्या विद्यापीठाला स्वतःचा वर्ग असा नव्हताच. कॉलेजांनी संलग्न व्हायचे आणि विद्यार्थ्यांनी परीक्षेला बसायचे. पुढे विद्यापीठांनी आपापले पदव्युत्तर विभाग काढले, आवारे उभी केली, पण पाया तोच राहिला. आजही महाराष्ट्रातला बहुसंख्य पदवीधर विद्यापीठाच्या आवारात एकही दिवस न शिकता पदवीधर होतो. त्याचे विद्यार्थीजीवन कॉलेजाच्या व्हरांड्यात, खोलीवर आणि एसटी स्टँडवर घडते.

असे संलग्न कॉलेजही सोलापुरात उशिराच आले. रेल्वे १८६० साली आली. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे पुढे सगळ्या गावाची ‘जुनी मिल’, सुरू झाली. कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्रही १९३३ साली इथे निघाले, कारण सव्वापाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसावर ज्वारी कशी पिकवायची हा इथला खरा प्रश्न. कॉलेजाला मात्र १९४० साल उजाडावे लागले. गिरणीचा भोंगा वाजू लागल्यापासून कॉलेजची घंटा वाजेपर्यंत त्रेसष्ट वर्षे गेली! तोवर मॅट्रिक झालेल्या मुलाने पुण्या-मुंबईची गाडी धरायची, आणि घरची ऐपत नसेल तर गिरणीत, कचेरीत किंवा दुकानात चिकटायचे. १९१० साली सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस डॉक्टर झाले ते मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात, आणि तिथून पुढे चीनला गेले. सोलापूरची हुशारी शिकायला बाहेर जाते, ही तक्रार आजकालची नाही.

कॉलेज नव्हते तेव्हाही विद्यार्थी होते, आणि त्यांच्या राहण्या-जेवणाचा प्रश्न होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेने जानेवारी १९२५ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी वसतिगृह काढले, ते मुंबईत नव्हे, सोलापुरात. आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास लिहिताना शाळा-कॉलेजांच्या इमारती आणि देणगीदार यांची नावे ठळक येतात, वसतिगृहे तळटिपेत जातात. मला हे उलटे वाटते. खेड्यातल्या मुलाला शहरातली शाळा उघडी असून उपयोग नसतो. रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी मिळाली तर शाळा उघडी होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात जे केले, तेही मुळात वसतिगृहच. बार्शीत मामासाहेब जगदाळे यांनी १९३४ साली श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ उभे केले, त्यामागचा विचार याच जातीचा होता. सोलापूर जिल्ह्यातला विद्यार्थी-समाज जन्माला आला तो असा, एका पंगतीत जेवून.

पहिल्या कॉलेजाची हकीगत तर थेट लाहोरपर्यंत जाते. १९३८ च्या डिसेंबरात सोलापुरात आर्य समाजाची मोठी परिषद भरली. लोकनायक बापूजी अणे अध्यक्ष होते. निजामाच्या राज्यात धार्मिक आणि नागरी हक्कांवर जी बंधने होती, त्यांविरुद्ध सत्याग्रह करायचे तिथे ठरले. सोलापूर हे ब्रिटिश मुलखातले, निजामाच्या हद्दीला खेटून असलेले आणि रेल्वेवरचे गाव. सत्याग्रहींच्या तुकड्या जमायला याहून सोयीची जागा नव्हती. १९३९ च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रह थांबला. पण देशभरातून आलेल्या आर्य समाजी मंडळींचा सोलापूरशी जडलेला संबंध तुटला नाही, आणि १९४० साली इथे डी. ए. व्ही. म्हणजे दयानंद अँग्लो-वैदिक कॉलेज निघाले. या परंपरेचे मूळ विद्यालय १८८६ पासूनचे, लाहोरचे. फाळणीत ते गेले. त्या वास्तूत पुढे इस्लामिया कॉलेज भरू लागले. लाहोरच्या रोपट्याची एक फांदी भीमा-सीनेच्या कोरड्या मुलखात आधीच लावून झाली होती. देणगीदारांच्या नावाने कॉलेज आज ‘दमाणी भैरुरतन फतेपुरिया दयानंद कला व शास्त्र महाविद्यालय’ असे ओळखले जाते. अर्थात रिक्षावाल्याला ‘दयानंद’ एवढेच पुरते.

मारुती चितमपल्ली या कॉलेजातले. १९३२ साली सोलापुरात जन्मलेला हा मुलगा दयानंदमधून पुढे कोइमतूरच्या वन महाविद्यालयात गेला आणि मराठीला जंगलाची भाषा देऊन गेला. २००६ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरले, तेव्हा अध्यक्षपदी तेच होते. कोर्टात नोकरी करत रात्रशाळेत शिकलेले सुशीलकुमार शिंदेही दयानंदचे पदवीधर. त्यांचा उल्लेख पुन्हा करावा लागणार आहे.

स्वातंत्र्यानंतर कॉलेजे भराभर निघाली, आणि प्रत्येकामागे एकेक समाज उभा होता. १९५३ साली सात रस्त्याजवळचे संगमेश्वर निघाले, त्याला काडादी घराण्याचा आधार. श्री ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळा या संस्थेने अशोक चौकातले वालचंद कॉलेज आणि हिराचंद नेमचंद वाणिज्य महाविद्यालय काढले. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांचे नाव त्यात आहे. पद्मशाली शिक्षण संस्थेचे ए. आर. बुर्ला महिला महाविद्यालय, सोलापूर सोशल असोसिएशनचे कला व वाणिज्य महाविद्यालय, पंढरपुरात रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील, मंगळवेढ्यात संत दामाजी, अकलूजला शंकरराव मोहिते पाटील, करमाळ्यात यशवंतराव चव्हाण, मोहोळला देशभक्त संभाजीराव गरड. अक्कलकोटचे कॉलेज घ्या: सी. बी. खेडगी बसवेश्वर विज्ञान, राजा विजयसिंह वाणिज्य व राजा जयसिंह कला महाविद्यालय. व्यापारी, संत आणि संस्थानिक एकाच पाटीवर. उत्तरपत्रिकेवर कॉलेजचे पूर्ण नाव लिहायला लावले असते, तर मुलांचा पहिला प्रश्न तिथेच संपला असता.

लिंगायतांचे, जैनांचे, पद्मशालींचे, मुसलमानांचे, मराठ्यांचे, आर्य समाजाचे असे हे सगळे वाटप पाहून बाहेरच्या माणसाला वाटते, की इथे विद्यार्थीही वाटले गेले असणार. तसे झाले नाही. संस्था समाजाची, वर्ग मात्र सगळ्यांचा, हे सोलापुरात फार लवकर ठरून गेले. कारण साधे आहे. शास्त्र शाखा चांगली कुठे, वाणिज्यला शिक्षक कुठले बरे, घरापासून जवळ काय, यावर प्रवेश ठरे. वालचंद कॉलेज पूर्व भागाच्या तोंडावर आहे, आणि पूर्व भाग म्हणजे विणकरांचा, यंत्रमागांचा, तेलुगू बोलणाऱ्यांचा. साहजिकच जैन संस्थेच्या कॉलेजात पद्मशाली मुले मोठ्या संख्येने आली. संगमेश्वरमध्ये लिंगायत संस्थेच्या छपराखाली जैन घरातले निर्मलकुमार फडकुले मराठी शिकवत, आणि ज्ञानेश्वर-तुकारामांवर बोलायला उभे राहिले की महाराष्ट्रभर सभागृहे भरत. आज सोलापूरच्या एका मोठ्या सभागृहाला त्यांचेच नाव आहे.

भाषेची गोष्ट त्याहून मजेची आहे. घरात तेलुगू किंवा कन्नड, मोहल्ल्यात उर्दू-दखनी, बाजारात सोलापुरी मराठी, वर्गात पुस्तकी मराठी, पाठ्यपुस्तकात इंग्रजी. इथला विद्यार्थी सकाळी घरून निघून दुपारी परत येईपर्यंत चार भाषांतून ये-जा करतो, आणि त्यात आपण काही विशेष करतो आहोत असे त्याला वाटत नाही. सोलापुरी बोलण्यातला ‘बे’ तर सगळ्यांचा सामाईक. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या कन्नड शाळांतून शिकलेली, शहरातल्या तेलुगू किंवा उर्दू वातावरणातून आलेली मुले-मुली एका बाकावर येतात. शेजारचा कच्चा राहिला की त्याला त्याच्याच भाषेत समजावणारा कुणीतरी वर्गात सापडतो. बहुभाषिक शिक्षणावर परिषदा भरवणाऱ्यांनी एक आठवडा अशोक चौकात काढावा. अर्थात याला एक दुखरी बाजूही आहे. तीन भाषा अस्खलित बोलणारी मुलगी मुलाखतीला बसते, तेव्हा तिच्या इंग्रजीवरून तिची किंमत केली जाते, आणि उरलेल्या तीन भाषा कुणी विचारतही नाही.

आणखी एक गोष्ट गिरणगावाची म्हणून. इथला विद्यार्थी पुष्कळदा आधी कामगार होता. पाळी करून वर्गाला येणारे, वर्ग संपवून पाळीला जाणारे, मागावर बापाला सुटी देण्यासाठी दांडी मारणारे. शहरात छत्रपती शिवाजी रात्र महाविद्यालय चालते ते उगीच नाही. विड्या वळणाऱ्या आयांच्या मुली पदवीला आल्या. सकाळी कॉलेज आणि दुपारी पानाचे सूप मांडीवर, असे त्यांचे वेळापत्रक असे. ‘कमवा आणि शिका’ ही योजना म्हणून पुढे विद्यापीठांच्या पुस्तिकांत छापली गेली. सोलापुरात ती योजना व्हायच्या आधीपासून रोजची तऱ्हा होती.

आता पुन्हा शिक्क्यांकडे. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि सोलापूरची कॉलेजे मुंबईकडून त्याच्याकडे गेली. १८ नोव्हेंबर १९६२ ला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ निघाले, तेव्हा ती तिकडे. साडेचारशे किलोमीटरवरचे विद्यापीठ अडीचशेवर आले, पण कोल्हापुरातही पुढे बेचाळीस वर्षे ते जवळजवळ तेवढेच लांब राहिले. नकाशावर कोल्हापूर पुण्याहून फार दूर वाटत नाही; कामासाठी जायचे झाले की वाटते. गुणपत्रिकेत नाव चुकले, फेरतपासणीचा निकाल अडकला, स्थलांतर प्रमाणपत्र हवे, पीएच. डी.ची तोंडी परीक्षा आहे: रात्रीची एसटी धरा, सकाळी खिडकीशी उभे राहा, साहेब रजेवर असतील तर पुन्हा या. कोल्हापूरच्या विद्यापीठाने सोलापूरला सापत्न वागवले असे मी म्हणणार नाही. सोलापुरात पदव्युत्तर केंद्र त्यांनीच चालवले, आणि आजच्या विद्यापीठाचा तो पाया आहे. पण कृष्णा-पंचगंगेच्या काठचा बागायती प्रदेश आणि भीमा-सीनेचा दुष्काळी पट्टा यांच्या गरजा निराळ्या. शिवाय सांगोल्याच्या पलीकडचे कोल्हापूर सोलापूरकराला आपले वाटले, तरी ते आपले गाव नव्हते.

वेगळ्या विद्यापीठाची मागणी जुनी होती. ती पुरी झाली २००४ साली. तेव्हा मुख्यमंत्री होते सुशीलकुमार शिंदे, म्हणजे दयानंद कॉलेजचेच माजी विद्यार्थी. प्रादेशिक न्याय, प्रशासकीय सोय वगैरे कारणे असतीलच. पण कोर्टात काम करून शिकलेल्या मुलाच्या कारकिर्दीत त्याच्या गावाला विद्यापीठ मिळाले, याला सोलापूरच्या इतिहासात एक जागा आहे, राजकारण काहीही असो. पहिले कुलगुरू डॉ. इरेश स्वामी. पुणे रस्त्यावर केगावला ४८२ एकरांचे आवार. आणि कार्यक्षेत्र फक्त एक जिल्हा.

एका जिल्ह्याचे विद्यापीठ! महाराष्ट्रात असे पारंपरिक विद्यापीठ तोवर नव्हते. त्या वेळी अनेकांनी नाके मुरडली: एका जिल्ह्याला कसले विद्यापीठ, हे तर मोठे कॉलेज झाले. पण जिल्हा केवढा हेही पाहा. अकरा तालुके, जवळपास १५ हजार चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत ४३ लाखांवर माणसे. युरोपातल्या काही देशांत एवढी वस्ती नाही. करमाळ्याच्या टोकाचा विद्यार्थी आणि अक्कलकोटच्या सीमेवरचा विद्यार्थी यांच्यात दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. एकाच्या पलीकडे अहिल्यानगर, दुसऱ्याच्या पलीकडे कर्नाटक. संलग्न कॉलेजे शंभराच्या घरात. लहान आहे ते इतर विद्यापीठांच्या मानाने.

केगावचे आवार पहिल्यांदा पाहणाऱ्याला उघडे वाटते. माळरान, काळ्या कातळावरची मुरमाड जमीन, उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर. ‘डिपार्टमेंट’ला इथे संकुल म्हणतात: सामाजिकशास्त्रे संकुल, रसायनशास्त्र संकुल, संगणकशास्त्र संकुल, भूशास्त्र, भाषा. शेजारी राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तेही २००५ चे, म्हणजे विद्यापीठाचे जवळजवळ जुळे भावंड. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र यांत संशोधन करणारी बरीच मंडळी खेड्यांतून आलेली, घरातली पहिली पदवीधर. प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत दिवा जळतो तो कधी संशोधनासाठी, तर कधी खोलीवर वीज नाही म्हणून.

आवारातले दिवस कसे जातात हे कळायला तासांच्या वेळापत्रकापेक्षा एसटीचे वेळापत्रक उपयोगी. बहुतेक जण ये-जा करणारे. मोहोळ, सांगोला, दक्षिणची गावे, तुळजापूरकडून येणारेसुद्धा. सकाळी साडेनऊ ते अकरा आवार भरते, चारनंतर ओसरू लागते. त्यामुळे तासांनंतरचे जे विद्यार्थीजीवन मोठ्या विद्यापीठांत असते, चहावरच्या चर्चा, रात्रीच्या तालमी, ते इथे वसतिगृहातल्या थोड्यांच्या वाट्याला येते. बाकीच्यांचे मंडळ जमते ते स्टँडवर आणि गाडीत. ग्रंथालयाची अभ्यासिका मात्र सतत भरलेली असते, आणि तिथे विषयाची पुस्तके कमी, स्पर्धा परीक्षेची जास्त उघडी दिसतात. याला नावे ठेवणारे प्राध्यापक मला माहीत आहेत. पण पावसावर शेती आणि बंद गिरण्या यांच्यामध्ये वाढलेल्या मुलाला सरकारी नोकरी हेच छप्पर वाटले, तर त्याला बोल कशाला लावायचा?

कॅलेंडरही इथले स्वतःचे. जूनचे प्रवेश आटोपतात न आटोपतात तोच आषाढीच्या पालख्या जिल्ह्यात शिरतात, आणि राष्ट्रीय सेवा योजनेची पोरे वारीच्या वाटेवर स्वच्छतेला, पाण्याला, औषधाच्या गोळ्या वाटायला उभी राहतात. पंढरपूरच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात असल्यावर दुसरे काय होणार? जानेवारीत मकरसंक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक. त्या आठवड्यात शहरात तासाला मुले कमी दिसली तर कुणी विचारत नाही. त्याच महिन्यात १२ तारखेला चार हुतात्म्यांचे स्मरण. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा हे चौघे १९३१ साली येरवड्यात फाशी गेले. चौघांच्या नावांतच सोलापूरची सगळी वस्ती आहे. मग हुरड्याचे दिवस, शेतात बोलावणारा एखादा वर्गमित्र, शेंगाची चटणी आणि ज्वारीच्या भाजलेल्या कणसांचा वास. त्यानंतर परीक्षा.

या पसरलेल्या मंडळींना वर्षातून एकदा एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे युवा महोत्सव. तो कधी विद्यापीठाच्या आवारात होतो, कधी तालुक्याच्या कॉलेजात. मूकनाट्य, प्रहसन, पथनाट्य, लोकनृत्य, शास्त्रीय गायन, मिमिक्री. एरवी ज्या मुलांना केगाव म्हणजे परीक्षा विभागाची खिडकी एवढेच माहीत, ती इथे दोन-तीन दिवस एका मांडवात राहतात. तालुक्यांचे रंग इथे कळतात. पंढरपूर-मंगळवेढ्याची मुले भजनाच्या ठेक्यात तयार असतात. अकलूजला लावणी स्पर्धांची परंपरा, त्यामुळे तिकडच्या मुलींचा लोकनृत्यात हात धरणे अवघड. सोलापूर शहराची मुले प्रहसनात चार भाषांतल्या शिव्या (सेन्सॉर केलेल्या) वापरून टाळ्या घेतात. निवडलेला संघ मग राज्यपातळीच्या ‘इंद्रधनुष्य’ला जातो, आणि मुंबई-पुण्याच्या संघांसमोर उभे राहताना ही मुले पहिल्यांदा म्हणतात, ‘आम्ही सोलापूर विद्यापीठाचे.’ एकाच जिल्ह्यातली असूनही ही ओळख त्यांना त्या मांडवात मिळते, पदवीपत्रातून नाही. दुसरीकडे, विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुका महाराष्ट्रात १९९० च्या दशकात बंद पडल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने दार किलकिले केले, पण त्यातून फारसे कुणी आत आले नाही. नाचगाण्यावर भर आणि बोलण्यावर कात्री, हे सगळ्याच विद्यापीठांचे झाले आहे.

मार्च २०१९ मध्ये विद्यापीठाचे नाव ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ झाले. सिद्धेश्वरांचे नाव द्यावे अशीही मागणी होती आणि त्यावरून गावात तापले होते. ज्या शहराचे ग्रामदैवत सिद्धेश्वर आहे तिथे हे अपेक्षितच होते. अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी करमाळ्याच्या सीमेपासून जवळ, त्यामुळे तेही नाव परके नव्हते. नाथीबाई ठाकरसी, सावित्रीबाई फुले, बहिणाबाई चौधरी आणि अहिल्यादेवी, अशा चार बायकांच्या नावांची विद्यापीठे एका राज्यात असणे ही गोष्ट मात्र वादात झाकली गेली. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, त्या योजनेलाही अहिल्यादेवींचेच नाव आहे. केगावला पोचलेल्या कितीतरी मुलींचा प्रवास त्या पासावरच सुरू झालेला असतो.

लहान असण्याचा तोटा उघड आहे. कॉलेजे थोडी म्हणून संलग्नता आणि परीक्षा यांचे उत्पन्न थोडे. शिक्षकांच्या रिकाम्या जागा आणि तासिका तत्त्वावर राबणारी तरुण मंडळी हा राज्यभरचा रोग इथेही आहे; लहान विभागात दोन जागा रिकाम्या राहिल्या, की अर्धा विभागच नसतो. आणि सकाळी साडेसहाला हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याला निघते, तिच्यातून दर जून-जुलैत बॅगा घेऊन जाणारी मुले पाहिली, की कोटणीसांच्या काळापासून फार बदलले असे वाटत नाही.

तरीही माझे मत लहानाच्याच बाजूचे आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य, उजनीचे पाणी, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, चादर-टॉवेलचे माग, पूर्व भागातली तेलुगू-मराठी, सीमेवरची कन्नड शिलालेखांची गावे: हे विषय मोठ्या विद्यापीठाच्या यादीत कुठेतरी तळाला असतात. इथे ते दाराशी आहेत, आणि संशोधन करणारा विद्यार्थी पुष्कळदा त्याच गावचा आहे. गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायला रात्रीची गाडी धरावी लागत नाही, हेही कमी नाही.

एक काम मात्र अजून कुणी हाती घ्यायला हवे. चार विद्यापीठांच्या काळातला हा विद्यार्थी-समाज लिहून ठेवलेला आहे तो कॉलेजांच्या वार्षिक अंकांत, वसतिगृहांच्या हजेरीपटांत, स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रांत आणि निरोप समारंभाच्या पत्रिकांत. हे कागद आज कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा पोटमाळ्यावर आहेत, आणि घर बदलताना पहिल्यांदा रद्दीत जाणारे तेच आहेत. तुमच्या घरात दयानंदचा, संगमेश्वरचा, वालचंदचा, बार्शीच्या किंवा पंढरपूरच्या कॉलेजचा जुना अंक असेल, आजोबांच्या वर्गाचा फोटो असेल, तर तो त्या कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा केगावच्या ग्रंथालयात नेऊन द्या. मूळ द्यायचे नसेल तर प्रत काढू द्या. आणि देण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून फोटोच्या मागे सगळ्यांची नावे आणि साल पेन्सिलीने लिहून घ्या.